'वेंट' नक्की कुणाचा?

शाळेत 'गो-वेंट-गॉन' घोकताना पोरांच्या मनात एक शंका हमखास येते आणि छडीच्या धाकाने तिथेच विरते. वॉकचं वॉक्ड, प्लेचं प्लेड, मग 'गो'चं 'वेंट' कसं झालं?

झालंच नाही! 'वेंट' हा मुळात 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसंच वेंड-वेंट. 'वेंड' म्हणजे आधी वळणं, मग वाट धरणं. जुन्या इंग्रजीत 'गो'चं रूप होतं 'गान', आणि 'गेला' म्हणायचं तर 'एओदे'. म्हणजे तेव्हाचा भूतकाळही दुसऱ्याच धातूकडून उसना आणलेला! १५व्या शतकाच्या सुमारास 'वेंट'ने त्याला हुसकावलं. बिचाऱ्या 'वेंड'ला 'वेंडेड'वर भागवावं लागलं. स्कॉटलंडमध्ये मात्र लोक साधं सरळ 'गेड' म्हणत. 'गोएड' म्हणणारी चिमुरडी पोरं चुकतात खरी, पण अक्कल वापरून चुकतात.

हसण्याआधी आपलं घर बघू. जातो, जाईल, जा... आणि 'गेला'? 'जाला' का नाही? कारण 'जा' आला संस्कृत 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'वरून. आपल्यालाही एका धातूवर भागलेलं नाही. स्पॅनिशने तर कमालच केली: 'फुई' म्हणजे 'मी गेलो' आणि 'मी होतो'सुद्धा! संदर्भावरून ओळखा.

'टू इयर्स अगो'मधला 'अगो'ही 'गो'च्याच घरचा, अर्थ 'निघून गेलेलं'. आपण नाही का म्हणत, दोन वर्षं गेली? तसं आपल्याकडे काय काय जातं! लाइट जाते, तोल जातो, आजोबा जातात. इंग्रजीत दूध 'गो सावर' होतं, माणूस 'गो मॅड' होतो.

'आय ॲम गोइंग टू स्लीप' म्हणणारा अंथरुणावरून हलतही नाही. इथे 'गोइंग'ने चालणं सोडून भविष्यकाळाची नोकरी धरली आहे. बोलताना त्याचं 'गॉना' होतं, पण 'गोइंग टू लंडन'चं 'गॉना लंडन' कधीच होत नाही. खरोखर पाय उचलायचे असतील तर पूर्ण शब्द लागतो!

२०१३मध्ये एका हिंदी झॉम्बीपटाने तर मधल्या 'वेंट'लाच उठवून त्याच्या जागी एक अख्खं राज्य बसवलं: 'गो गोवा गॉन'.