फुप्फुसातील गुणसूत्रे आणि अंतराळातील प्रारण

अंतराळातील प्रारण म्हणजे सूर्याचा प्रकोप, आणि यानाची धातूची भिंत पुरेशी जाड केली की त्याचा बंदोबस्त झाला, ही समजूत सुशिक्षितांतही इतकी रूढ आहे की आधी तिचेच निरसन केले पाहिजे. सौरवादळांत सुटणारे प्रोटॉन संकट आणतात हे खरे, व आडोशाने त्यांपासून बहुतांशी बचावही होतो. परंतु सूर्यमालेबाहेरून अहोरात्र येणारे विश्वकिरण, ज्यांच्या अणुकेंद्रांत शेकडा सुमारे ८७ प्रोटॉन, १२ हेलियमची आणि जेमतेम १ त्यांहून जड मूलद्रव्यांची केंद्रे असतात, ते यानाची भिंत व माणसाची छाती दोन्ही भेदून जातात, आणि भिंतीत त्यांचे तुकडे झाले तरी त्यांतून न्यूट्रॉनसारखे नवे कण निपजतात.

दुसरा गैरसमज मोजमापाचा आहे, आणि तो मला अधिक घातक वाटतो. प्रारणाची मात्रा सारखी असली म्हणजे इजाही सारखीच, असे मानले जाते. वस्तुतः समान वेगाने जाणारा कण मार्गात किती ऊर्जा सोडतो हे त्याच्या विद्युतभाराच्या वर्गावर अवलंबून असते. लोखंडाच्या केंद्राचा भार प्रोटॉनच्या २६ पट, म्हणून त्याने सोडलेली ऊर्जा ६७६ पट. क्ष-किरणांनी फुप्फुसाच्या पेशीतील डीएनए तुटतो तो केंद्रकभर विखुरलेल्या जागी, आणि ती टोके पेशी पुष्कळदा नीट सांधते. लोखंडाचा एकच कण मात्र आपल्या मार्गालगत दाटीवाटीने अनेक दुपदरी भंग घडवू शकतो, आणि शेजारी पडलेल्या भिन्न गुणसूत्रांची टोके सांधताना गफलत होते: एकाचा खंड दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. पेशी स्वतःची दुरुस्ती करते, सबब चिंता नको, हा युक्तिवाद येथेच कोसळतो. कारण गुणसूत्रांची ही अदलाबदल दुरुस्तीतूनच उपजते.

अमेरिकेत लाँग आयलंडवर ब्रुकहेवन येथे नासाची जी प्रारण-प्रयोगशाळा २००३ पासून चालू आहे, तेथे मानवी पेशींवर अशा जड कणांचा झोत सोडून पुढे प्रत्येक गुणसूत्र निराळ्या रंगाने रंगवले की ही अदलाबदल सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसते. मात्र विभाजनापर्यंत पोचलेल्या पेशी मोजल्या म्हणजे हिशेब पुरा झाला, असे समजू नये. अधिक जखमी पेशी विभाजनाला विलंब लावतात आणि गणतीतून निसटतात, म्हणून औषधाने गुणसूत्रांना मुदतीपूर्वीच आकसवून त्यांचीही मोजदाद करावी लागते.

इतके वाचून कोणी उलट टोकाला जाऊ नये. गुणसूत्र तुटले म्हणजे कर्करोग झालाच, असे मुळीच नाही. एकाच गुणसूत्रावर दोन गुणसूत्रबिंदू आलेल्या पेशी बहुधा पुढील विभाजनांत मरतात. पण जिच्यात खंडांची केवळ अदलाबदल झाली, ती पेशी पुष्कळदा जगते आणि तो फेरफार संततीपेशींकडे जातो. हिरोशिमा व नागासाकी येथील बचावलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले असल्याने या अवयवाची विशेष काळजी घेतली जाते.

भूतलावर नैसर्गिक प्रारणाची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, क्युरिऑसिटी यानाने मंगळाच्या वाटेवर दिवसाला सुमारे १.८ नोंदवले. प्रयोगशाळेत काही मिनिटांत दिलेली मात्रा प्रवासात महिनोन्‌महिने पसरते, म्हणून तेथील आकडे प्रवाशाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. याचसाठी ब्रुकहेवनमध्ये आता अनेक प्रकारच्या कणांचे मिश्रण, आणि तेही सावकाश, पेशींवर सोडण्याची तजवीज झाली आहे.