चापट मारली की लागतो!

जळगावात अजिंठा चौफुलीच्या गर्दीत अडकलात, तर पुढच्या गाड्यांच्या पाठी न्याहाळा. नव्या गाड्यांच्या लालभडक पट्ट्यांमध्ये एखादी जुनी मारुती व्हॅन असतेच. उजवा ब्रेक लाईट पेटलेला, डावा ठार. गर्दी सरकते, व्हॅन खड्ड्यात आदळते आणि डावा आपोआप लागतो. पुढच्या खड्ड्यात पुन्हा गुल. मालक मात्र निर्धास्त, कारण जुन्या गाड्यांत ब्रेक लाईट गेल्याची खबर द्यायची डॅशबोर्डवर सोयच नसते. मागचा कोणी ओरडून सांगेल तेव्हा कळायचं, आणि सांगणाराही बहुधा शिवीसकटच सांगतो.

कायमचा गेलेला दिवा परवडला. बल्ब बदला, मोकळे व्हा. छळतो तो मधूनच जाणारा. गॅरेजला नेला की इमानेइतबारे लागतो. वायरिंगवाला म्हणतो, “लागून तर राहिला भो, मी काय करू?” आणि पारोळ्याच्या पुढे गेलं की बंद.

जाणता वायरिंगवाला बल्बला हात लावण्याआधी एकच विचारतो: जातो कधी? उन्हात, खड्ड्यात, पावसात, की पाय हलका ठेवल्यावर? याचं नीट उत्तर देणारं गिऱ्हाईक आलं की त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

एका काचेत दोन तारा

जुन्या गाडीचा मागचा बल्ब बहुतेक २१/५ वॅटचा असतो. ५ वॅटची तार रात्रीच्या टेल लाईटची, २१ वॅटची ब्रेकची. म्हणून “रात्री लाईट लागतो, म्हणजे बल्ब चांगला” हे अनुमान साफ चुकीचं. एक तार तुटलेली आणि दुसरी ठणठणीत असू शकते. बल्बच्या पितळी बुडाला दोन खिळ्या असतात, त्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. तरीही दाबून, पिळून उलटा बसवणारे महाभाग आहेत. अशा गाडीला ब्रेक मारला की दिवा मिणमिणतो आणि नुसती टेल लाईट लावली की भगभगतो.

तार टंगस्टनची. हा धातू ३,४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, त्यामुळे भुसावळच्या मे महिन्यालाही तो भीक घालत नाही. त्याला मारतो तो थंडपणा. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे एक दशांश, त्यामुळे पेडल दाबल्याच्या पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट घुसतो. बल्ब बहुधा लावतानाच का जातो, ते यावरून कळतं. शहरात ब्रेक लाईट दिवसाला शेकडो वेळा लागतो-विझतो, म्हणजे दर खेपेला हाच धक्का.

आणि तुटलेली तार कधीकधी पुन्हा जिवंत होते! खड्ड्यात तुटकं टोक उडतं, दुसऱ्या टोकावर पडतं, ठिणगीने तिथेच चिकटतं. दोन दिवस दिवा झकास लागतो. मग पुढचा खड्डा येतो.

चापटीचं शास्त्र

ब्रेक दाबून ठेवायला कोणाला तरी बसवा. एकटे असाल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये फळी अडकवा. मग दिव्याच्या काचेवर हलकी चापट मारा. चापटीने लागला किंवा विझला तर दोष मागेच आहे: बल्ब, होल्डर नाहीतर आर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट. चापटीला दाद देत नसेल तर पुढे, पेडलच्या स्विचकडे मोर्चा वळवा.

होल्डरमध्ये बघायचं ते बुडाशी. बल्बच्या तळाला शिशाचे दोन ठिपके असतात आणि खाली त्यांना रेटून धरणारी स्प्रिंग. वर्षानुवर्षं दाबून ठिपके चपटे होतात, उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते, मध्ये काळा-हिरवा थर धरतो. वायरिंगवाले याला ‘कार्बन आला’ म्हणतात. पॉलिश पेपरने घासा, स्प्रिंगची पत्री किंचित वर ओढा. खतांची पोती वाहणाऱ्या टेम्पोत हा हिरवा थर जास्त लवकर धरतो, कारण खताची धूळ ओलावा ओढते आणि तांबं-पितळ खाते.

दुचाकीवाल्यांना फुकटची तपासणी

बहुतेक मोटारसायकलींना ब्रेक लाईटचे दोन स्विच असतात, एक पुढच्या लिव्हरला, एक मागच्या पेडलला. पुढच्याने लागतो आणि मागच्याने नाही? मग बल्ब, वायर, आर्थिंग सगळं निर्दोष सुटलं, गुन्हेगार मागचा स्विच. तो पेडलजवळ छोट्या स्प्रिंगला लटकलेला असतो, चाकाच्या चिखलाच्या अगदी माऱ्यात. खान्देशची काळी माती पावसाळ्यात त्यात शिरते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आवळून बसते. स्विच अडकला तर दिवा लागत नाही, नाहीतर विझत नाही. आधी पाण्याने धुवा, मग स्प्रिंग ताणली गेली आहे का बघा, शेवटी नट फिरवून उंची जुळवा. नवा स्विच महाग नसतो, पण अनेकदा त्याची गरजच नसते.

टेस्टर लागला, दिवा का नाही?

या दुखण्यातला सगळ्यात मजेदार प्रकार हा. वायरला टेस्टर लावला, टेस्टर चमकला. म्हणजे करंट येतोय. बल्ब नवा. होल्डर घासलेला. तरी दिवा कधी लागतो, कधी नाही.

वायरच्या पोटात तांब्याचे अनेक बारीक तंतू असतात. डिकीच्या बिजागरीपाशी किंवा चेसिसच्या कडेला ती वर्षानुवर्षं वाकते, घासते, आणि रबराच्या आत एकेक तंतू तुटत जातो. शेवटी एखादाच उरतो. टेस्टरला लागतो चिमूटभर करंट, तो त्या एका तंतूतून सहज जातो. १२ व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन ॲम्पिअर मागतो, दोन्ही बाजूंचे मिळून साडेतीन. तो मागितला की एकटा तंतू तापतो, व्होल्टेज तिथेच गळतं, दिवा मिणमिणतो नाहीतर जातो. बाहेरून वायर अखंड. बोटांनी वाकवत गेलं की एका जागी ती जरा जास्तच लुळी लागते, तोच तो तुकडा.

म्हणून मुरलेले वायरिंगवाले टेस्टरऐवजी दोन वायरी जोडलेला जुना २१ वॅटचा बल्ब खिशात ठेवतात. तो लख्ख पेटला तरच लाईन खरी. अर्धवट प्रकाशाला भुलू नका. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

ब्रेक मारला, इंडिकेटर हसला

ब्रेक दाबल्यावर ब्रेक लाईट मंद आणि सोबत इंडिकेटरही लुकलुकतोय, किंवा टेल लाईट विझते? डोकं खाजवू नका, आर्थिंग गेलंय. करंटला बॅटरीकडे परतायची वाट पत्र्यातून असते. तिथला स्क्रू गंजला किंवा डेंटिंग-पेंटिंगवाल्याने त्याखाली रंग मारला, की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा फिरून घरी जातो. खात्री करायची तर एक वायर होल्डरच्या बॉडीला आणि बॅटरीच्या मायनसला टेकवा. दिवा खणखणीत लागला तर पत्रा खरवडा, स्क्रू कसा, वर थोडं ग्रीस. बल्बचा खर्च वाचला.

पायाखालचे नखरे

बऱ्याच कारमध्ये पेडलच्या वर बटणासारखा स्विच असतो. पेडल वर असताना ते दाबलेलं, पाय ठेवला की मोकळं. हे बटण पेडलवरच्या ज्या रबरी किंवा प्लास्टिकच्या गुंडीवर टेकतं, ती वयाने आणि उन्हाने ठिसूळ होऊन एक दिवस चुरा होते. मग बटणासमोर नुसतं भोक, आणि ब्रेक लाईट रात्रभर चालू. सकाळी बॅटरी उतरलेली आणि पायाशी प्लास्टिकचे तुकडे. ते तुकडे झाडून फेकण्याआधी एकदा वर बघा.

विलीजच्या वंशातल्या जुन्या जीपगाड्यांचा न्याय वेगळा. तिथे स्विच ब्रेक ऑइलच्या लाईनवर असतो आणि ऑइलचा दाब वाढला की तो लागतो. म्हातारपणी त्याला जास्त दाब लागतो. परिणाम: लळिंग घाटाच्या उतारावर हळुवार ब्रेकला दिवा नाही, करकचून दाबला की लख्ख. मागच्याला तोवर फार उशीर झालेला असतो.

एक झटपट युक्ती. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर हॉर्न वाजवा. अनेक गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाईटचा फ्यूज एकच असतो. हॉर्नही मुका, तर फ्यूज.

आणि काही जुन्या, बिनबॅटरीच्या इटालियन व्हेस्पांची तऱ्हा तर अजबच. त्यांच्या इग्निशनचा करंट ब्रेक लाईटच्या वाटेने फिरायचा. बल्ब उडाला की ब्रेक दाबताच इंजिन बंद! माणूस कार्बोरेटर खोलून बसायचा.

सिनेमा, टॅक्सी आणि अपघात

गाडी थांबतेय हे मागच्याला सांगायची एक आद्य युक्ती मूकपटांच्या नटीची. हॉलिवूडच्या फ्लोरेन्स लॉरेन्सने १९१४ च्या सुमारास ब्रेक दाबताच मागे ‘थांबा’ची पाटी उभी राहील अशी जुळणी केली. पेटंट घेतलं नाही, पैसाही मिळाला नाही.

मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाईट टॅक्सीवाल्यांची देणगी. १९७४ मध्ये जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना जादा दिवा लावून पाहिला. मागून होणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून कारला तो सक्तीचा झाला.

अपघातानंतरही बल्ब साक्ष देतो. धडकेच्या क्षणी तार तापलेली असेल तर ती मऊ असल्याने ताणली जाते, थंड असेल तर कडकन तुटते. पेटलेल्या बल्बची काच फुटली तर हवा लागून तारेवर पांढरी-पिवळी भुकटी जमते. तपासणारे त्यावरून सांगतात, ब्रेक मारला होता की नाही.

एलईडी टाकू का, भाऊ?

टाका, पण कारण ओळखून. साध्या बल्बची तार तापून पूर्ण पेटायला सुमारे ०.२ सेकंद घेते, एलईडी जवळजवळ तत्काळ लागतो. ताशी १०० किलोमीटरला ०.२ सेकंद म्हणजे साडेपाच मीटर, एका कारच्या लांबीहून जास्त. मुंबई-आग्रा रस्त्यावर हे अंतर फुकट मिळत असेल तर कोण सोडेल? मात्र एलईडी करंट इतका कमी घेतो की सडक्या वायरीतूनही तो खुशाल लागतो. दुखणं झाकलं जातं आणि पुढे भलत्याच ठिकाणी उपटतं. वायर आधी, एलईडी नंतर.

तोवर काय?

तोवर हात. १९८९ च्या रस्ता नियमांत वेग कमी करण्याची खूण स्पष्ट लिहिलेली होती: उजवा हात बाहेर काढायचा, तळवा जमिनीकडे, आणि संथपणे वरखाली. कापसाच्या हंगामात ज्या टेम्पोंचे दिवे फुगलेल्या गाठोड्यांआड गडप झालेले असतात, त्यांच्या जुन्या ड्रायव्हरांना ही खूण अजून पाठ आहे. मोटारसायकलवाल्याची मात्र पंचाईत. पुढचा ब्रेक त्याच उजव्या हाताला, ॲक्सिलरेटरही तिथेच. आणि समजा त्याने कसाबसा हात हलवलाच, तर मागून येणारं विशीतलं पोरगं हसून उलट हात करेल, “राम राम काका!”