सोंगामागची गरज

वाचकहो, जबलपूरला गेलात तर एम्पायर चित्रपटगृहाचे नाव कानी पडेलच. मल्होत्रा कुटुंबातील नट प्रेमनाथ यांनी ते विकत घेतले होते. त्यांची बहीण कृष्णा ही राज कपूर यांची पत्नी. म्हणूनच १९७५ च्या ‘रफू चक्कर’ या विनोदी चित्रपटात भाचा ऋषी कपूर आणि मामा राजेंद्रनाथ एकत्र दिसतात. त्यात ऋषी व पेंटल एक खून पाहतात आणि जीव वाचविण्यासाठी स्त्रीवेष घेऊन बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात.

ही कल्पना बिली वाइल्डर यांच्या १९५९ च्या ‘सम लाइक इट हॉट’ची, हे आपण ऐकले असेल. परंतु तिचे मूळ त्याहून जुने आहे. १९५१ साली पश्चिम जर्मनीत कुर्ट होफमन यांनी ‘फानफारेन डेर लीबे’, म्हणजे प्रेमाच्या तुताऱ्या, हा चित्रपट काढला. त्यालाही १९३५ च्या एका फ्रेंच चित्रपटाचा आधार होता. जर्मन कथेत खून नाही, गुंड नाहीत. दोन वादक बेकार आहेत आणि काम मिळते ते स्त्रियांच्या वाद्यवृंदात, एवढेच! युद्ध संपून सहाच वर्षे झालेल्या प्रेक्षकांना याहून वेगळे कारण कशाला हवे होते? मला तरी खुनापेक्षा हे कारण अधिक पटते.

आपल्याकडे ‘बीबी और मकान’ (१९६६) आणि त्यावरून निघालेला ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांत बेकारीची जागा बिऱ्हाडाने घेतली. पुण्यात भाड्याची खोली हवी, आणि मालकीण ती जोडप्यांनाच देणार. मग पार्वती बनलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांना डोहाळजेवणालाही बसावे लागते.