सवयीचा कुत्रा घरात लघवी करू लागला तर

मागच्या लेखात पिल्लाला बाहेर जायची सवय कशी लावायची, ते पाहिले. आज त्याच्या पुढचा आणि जास्त अवघड प्रश्न. तीन-चार वर्षे दारात उभे राहून बाहेर सोडायला लावणारा कुत्रा अचानक फरशीवर लघवी करू लागतो. घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतोय, खोड मोडली पाहिजे.’ खोड वगैरे काही नसते. लागलेली सवय कुत्रा सूड म्हणून मोडत नाही. त्याला काहीतरी होत असते, किंवा घरात काहीतरी बदललेले असते.

म्हणून ओरडण्याआधी ते थारोळे नीट पाहा. झोपायच्या पोत्यावरच ओल असेल आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसेल, तर लघवी आपोआप गळते आहे. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे बरेचदा दिसते आणि औषधाने आटोक्यात येते. चार ठिकाणी थोडी थोडी, जोर लावून, लालसर लघवी असेल तर मूत्राशयाचा संसर्ग किंवा खडा. मोठे, पाण्यासारखे फिकट थारोळे असेल तर आधी त्याचे पाणी मोजा. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पुरते. तो लिटरच्या वर पीत असेल तर मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा चालू असलेले स्टिरॉइडचे औषध, यांपैकी काही असू शकते. दाराच्या चौकटीवर किंवा पाहुण्यांच्या बॅगेवर तंगडी वर करून शिंतोडे उडवले असतील, तर ती हद्दीची खूण आहे.

दोन वेळा मात्र अजिबात थांबायचे नाही. नर सारखा जोर लावतो आहे आणि थेंबही येत नाही, ही एक. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिते, मरगळते, ही दुसरी. तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. दोन्हींत जीव जातो.

उजनी धरणाच्या काठच्या भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या पट्ट्यात काही कारणे इथल्या जगण्यातूनच येतात. उसातल्या बिबट्याच्या धास्तीने अंगणातली कुत्री आता रात्री घरात कोंडली जातात. जो कुत्रा वाटेल तेव्हा बांधावर जायचा, त्याला संध्याकाळी सातपासून उजाडेपर्यंत धरून ठेवावे लागते. म्हातारा असेल तर ते जमणारच नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची आली की माणसांच्या वेळा बदलतात आणि कुत्र्याची सकाळची फेरी बुडते. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला माणसे येतात. ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात, तिथला कुत्रा अनोळखी वासांनी बिथरतो. अशा वेळी निजण्याआधी दिव्याच्या उजेडात, साखळी धरून एक जादा फेरी मारली तरी पुष्कळदा प्रश्न सुटतो.

उजनीच्या फुगवट्याच्या काठी उंदीर-घुशींचा वावर असलेल्या डबक्यातले पाणी पिणाऱ्या कुत्र्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. तो मूत्रपिंडे बिघडवतो आणि लघवीतून माणसालाही लागतो. त्यामुळे फरशी हातमोजे घालूनच पुसा. लघवीवर ब्लीच ओतू नका, विषारी वायू तयार होतो. नुसत्या फिनेलने आपल्या नाकाला वास जातो, कुत्र्याच्या नाकाला नाही, आणि तो पुन्हा तीच जागा धरतो. लघवीचा वास मोडणारे एन्झाइमचे क्लीनर मिळते, ते वापरा.

दवाखान्यात जाताना सकाळची पहिली लघवी बरोबर न्या. मादी बसली की मागून लांब दांड्याची स्वच्छ पळी हळूच सरकवायची, आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओतायची. तासाभरात पोहोचणार नसाल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा. सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तरी डॉक्टरांना दाखवाच. मोठी तपासणी लागली तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कुत्र्याचे नाक लघवीत घासणे हा निव्वळ छळ आहे. मागे केलेल्या गोष्टीशी तो मार जोडत नाही. तुमच्यासमोर लघवी करायला घाबरतो आणि पलंगाखाली जाऊन करतो. पाणी तोडणे त्याहून वाईट. मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्याचे पाणी तोडले तर तो दोन दिवसांत खचतो. तेव्हा पाण्याचे भांडे भरलेलेच ठेवा, आणि काठी उचलण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या.