खाली दुकाने, वर घरे आणि समोरचा रस्ता

टिळकवाडीत आमच्या घरापासून चार घरे सोडून एक जुनी लाकडाची वखार होती. ती आता पाडली असून तिथे मोठे संकुल उभारण्याचा प्रस्ताव आहे. तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर कार्यालये आणि समारंभासाठी सभागृह, त्यावर 120 सदनिका. जागा निवासी पट्ट्यातली असल्यामुळे व्यापारी वापरासाठी परवानगी हवी. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली, हरकती मागवल्या गेल्या आणि गल्लीत एकच विषय सुरू झाला.

प्रस्तावासोबत वाहतुकीच्या परिणामांचा एक अहवाल आहे. पाने साठ, भाषा इंग्रजी. मी महाविद्यालयात शिकवतो, एवढ्या एका कारणाने तो माझ्या हाती आला. “सर, यात काय लिहिलंय ते आम्हाला समजेल असं सांगा बघू,” असे शेजारच्या काकूंनी बजावले. मी काही अभियंता नव्हे. पण अहवाल दोनदा वाचला, माहीतगारांना विचारले आणि एक गोष्ट ध्यानात आली. असा अहवाल समजण्यासाठी पदवी लागत नाही. बेरीज, गुणाकार आणि आपल्या रस्त्याची ओळख एवढे पुरते.

आधी एक खुलासा. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही पद्धत बेळगावला नवी नाही. गणपत गल्ली, खडेबाजार इथे पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आले. पण तेव्हा दुकानदार वरच राहायचा आणि गिऱ्हाईक बहुधा पायी यायचे. आजच्या संकुलात वर राहणारा सकाळी उद्यमबागेत कामाला जातो, खालच्या दुकानातला नोकर वडगावहून येतो आणि गिऱ्हाईक मोटारीतून उतरते. म्हणून जुन्या बाजाराचा दाखला देऊन ‘काही होत नाही’ म्हणणे बरोबर नाही. तसेच इमारतच नको म्हणणेही बरोबर नाही. आपल्याच मुलांना घरे हवी आहेत. प्रश्न इतकाच की, येणारी वर्दळ रस्ता पेलेल का?

हे ठरवायचे कसे? रस्त्यावर सायकलपासून ट्रकपर्यंत सगळे असते, म्हणून प्रत्येक वाहनाला मोटारीच्या मापात बसवतात. मोटार म्हणजे 1. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शिकेनुसार दुचाकी अर्धी ते पाऊण मोटार धरतात, रिक्षा 1.2 ते 2, बस किंवा ट्रक 2.2 ते 3.7 आणि ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर 4 ते 5. वर्दळीत त्या वाहनाचा वाटा जितका जास्त, तितके माप मोठे. त्याच मार्गदर्शिकेत रस्त्याने तासाला किती भार सोसावा तेही दिले आहे. दोन्ही दिशांनी वाहने जाणारा दोन पदरी रस्ता शहराचा मुख्य मार्ग असेल तर 1500, उपमुख्य असेल तर 1200 आणि दुकाने, उभी वाहने, बसथांबे असलेला आतला रस्ता असेल तर 900.

आता खरी गंमत इथे आहे. उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, सकाळी नऊ ते दहा या तासात रस्त्यावर आधीच 750 मोटारींइतका भार आहे. 120 घरांतून प्रत्येकी एक दुचाकी निघाली, तर 90. दोन घरांमागे एक मोटार निघाली, तर 60. दुकाने व कार्यालयांत येणाऱ्या 40 दुचाकी आणि 20 मोटारी मिळून 50. म्हणजे एकूण भर 200. बेरीज 950. रस्ता आतला धरला तर मर्यादा ओलांडली. उपमुख्य धरला तर 1200 च्या आत, सर्व काही आलबेल! रस्ता तोच, इमारत तीच, पण कागदावर त्याला कोणत्या वर्गात बसवले यावर निकाल फिरतो.

दुसरी खुबी मोजणीच्या दिवसाची. आमच्या अहवालातली मोजणी मे महिन्यातल्या एका बुधवारी झाली आहे. मे महिन्यात आमच्या गल्लीत काय असते? शाळा-महाविद्यालये बंद, अर्धी घरे गावाला गेलेली. वरच्या उदाहरणात 750 च्या जागी 600 आले, की बेरीज 800 होते आणि आतला रस्ताही पास होतो. हीच मोजणी जुलैत पाऊस असताना, शाळा सुटायच्या वेळी केली तर? शनिवारी, बाजाराच्या दिवशी केली तर? उसाचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातल्या कितीतरी रस्त्यांवर ट्रॅक्टर धावतात. तासाला दहा ट्रॅक्टर आले, तरी कमीत कमी चाळीसची भर पडते. सभागृहाचे तर वेगळेच. लग्नाची वऱ्हाडे रोज येणार नाहीत. पण दाट तिथीला दुपारच्या मुहूर्तावर आली, की त्या दिवशीचा रस्ता ‘सरासरी’त कुठेच दिसत नाही.

तिसरा मुद्दा मोजणीच्या जागेचा. अहवालात संकुलाच्या फाटकासमोर मोजले आहे. पण वाहने तुंबतात ती फाटकापुढे नव्हे, पुढच्या चौकात. बेळगावात तर रेल्वेमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. कपिलेश्वरजवळ आणि तिसऱ्या रेल्वे गेटवर पूल झाले, तरी जिथे अजून फाटक पडते तिथल्या रांगा ठाऊक नसलेला बेळगावकर विरळा. गाडी जाईपर्यंत थांबलेली वाहने फाटक उघडताच एकदम सुटतात. तासाच्या बेरजेत ती दिसत नाहीत. पण त्या पाच मिनिटांत रुग्णवाहिका अडकली, तर सरासरी सांगून उपयोग काय?

चौथा मुद्दा सर्वांत मोठा. प्रत्येक प्रकल्प आपापला विचार करतो. याच रस्त्यावर आणखी दोन इमारती मंजूर आहेत, त्यांचा भार आमच्या अहवालात नाही. अशा तुटक हिशेबाचे काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाने दाखवले. आपल्या भागातूनही माणसे त्या गिरण्यांत कामाला गेली होती. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. 1991 च्या विकास नियमांनी आणि 2001 मध्ये त्यांत झालेल्या बदलाने जमिनी मोकळ्या झाल्या आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरण्यांच्या जागी कार्यालये, मॉल, उंच इमारती आल्या. रस्ते आणि रेल्वेचे पादचारी पूल मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा जीव गेला. पाऊस हे त्या सकाळचे निमित्त असेल. पण त्या पुलावर इतकी माणसे आली ती आसपासच्या कार्यालयांत जाण्यासाठी. पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधला, तो फेब्रुवारी 2018 मध्ये खुला झाला. बेळगाव म्हणजे मुंबई नव्हे, हे खरे. पण एकेका इमारतीचा हिशेब बरोबर आणि सगळ्यांची बेरीज कुणीच केली नाही, हा प्रकार लहान शहरातही होऊ शकतो.

गिरणगावात मेली ती पायी चालणारी माणसे, हेही विसरू नये. आमच्या साठ पानी अहवालात पादचाऱ्यांसाठी एक परिच्छेद आहे. समोरच्या काकू रोज नातवाला हाताला धरून रस्ता ओलांडतात. त्यांना मोटारीच्या मापात जागा नाही. काकूंचा प्रश्न साधा होता: “सर, पोराला घेऊन पलीकडे जायला किती वेळ थांबावं लागेल, हे यात लिहिलंय काय?” लिहिलेले नाही.

मग नागरिकाने करायचे काय? कायदा समजून घ्यावा. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असेल, तर केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. पण इमारती आणि वसाहतींच्या प्रकल्पांना त्यातल्या जनसुनावणीतून सूट आहे. खाण किंवा कारखान्यासाठी जशी उघड सभा होते तशी इथे होत नाही. आमचा प्रकल्प तर त्या मर्यादेच्याही आत आहे. म्हणून जमीन वापर बदलाच्या वेळी कर्नाटकाच्या नगररचना कायद्यानुसार जी जाहीर सूचना निघते, तीच आपली खिडकी. ती मुदतीत बंद होते. अहवाल मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे. मात्र उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज आधीच करावा.

हरकत ‘गर्दी होईल’ एवढ्यावर लिहू नये. मोजणी कधी केली, कुठे केली, रस्ता कोणत्या वर्गात धरला, शेजारचे मंजूर प्रकल्प धरले का आणि चालणाऱ्यांचे काय, हे पाच प्रश्न लेखी विचारावेत. सोबत आपली मोजणी जोडावी. आम्ही तेच केले. जुलैत महाविद्यालयाची काही मुले दोन दिवस, एक कामाचा वार आणि एक शनिवार, सकाळ-संध्याकाळ चौकात बसली. वाहनांचे प्रकार वेगळे, दर पंधरा मिनिटांची नोंद वेगळी, कागदावर पाच-पाचच्या रेघा.

मागण्याही नेमक्या ठेवल्या. वाहनांचे प्रवेशद्वार मुख्य रस्त्यावर न ठेवता बाजूच्या रस्त्यावर द्यावे. सभागृहाचे पार्किंग संकुलाच्या आत असावे. रिक्षा आणि शाळेच्या गाड्या थांबण्यासाठी जागा मागे सोडावी. सलग पदपथ बांधावा. आणि ही कामे पूर्ण झाल्यावरच भोगवटा प्रमाणपत्र द्यावे, कारण माणसे राहायला आली की दिलेल्या शब्दाची आठवण कुणाला राहत नाही.

आमची हरकत 46 सह्यांनिशी मुदतीत दाखल झाली आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. ते आल्यावर त्यात काय आहे, हे याच पानावर कळवीन. तोवर आपल्या गल्लीच्या टोकाला असा फलक लागला असेल, तर एक वही आणि पेन घेऊन सकाळी नऊ वाजता चौकात उभे राहा आणि मोजायला सुरुवात करा.