उडून गेलं, पण गेलं कुठे?

नवी मुंबईतल्या बोनकोड्यासारख्या गावठाणातल्या गॅरेजात मिस्त्री चाकाचा ड्रम उघडतो आणि क्लीनरचा फवारा मारतो. काळं ग्रीस ओघळतं. फडका शोधेपर्यंत ड्रम कोरडा ठणठणीत. बोटांना क्षणभर गारवा, नाकात गोडसर वास. काम झालं, क्लीनर उडून गेलं.

पण गेलं कुठे?

अशा काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट असतात: मिथिलीन क्लोराइड म्हणजे बाजारातलं एमडीसी, ट्रायक्लोरोइथिलीन ऊर्फ टीसीई आणि परक्लोरोइथिलीन. ती तेल चटकन विरघळवतात आणि सहजी पेट घेत नाहीत, म्हणून निर्धोक वाटतात. एमडीसी 40 अंशांच्या आसपासच उकळतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती खड्ड्यात साचते, नेमकी गाडीखाली काम करणाऱ्याच्या नाकाशी. शरीरात तिचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. टीसीईमुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलं आहे; उरलेली दोन तिच्या संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत आहेत. अमेरिकेने 2024 मध्ये टीसीईवर बंदीचा नियम काढला. या सॉल्व्हंटने ओल्या असलेल्या भागावर वेल्डिंग केलं, तर पहिल्या महायुद्धात वापरलेला फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो.

जमिनीवर सांडलेल्याची वाट वेगळी. तेल पाण्यावर तरंगतं. हे द्रव पाण्याहून जड, म्हणून भूजलातही तळाशी बसतात आणि कित्येक वर्षं हळूहळू विरघळत राहतात. बोनकोड्याच्या पश्चिमेला ठाणे खाडी आहे. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. गटारात ओतलेल्या डब्याची वाट शेवटी खाडीकडेच जाते.

‘क्लोरीन नाही’ एवढं वाचूनही थांबू नये. कॅलिफोर्नियात हेक्झेन असलेल्या क्लीनरमुळे मेकॅनिकांच्या हातापायांच्या नसा दुखावल्या होत्या. पाण्यात मिसळणारा डिग्रीझर आणि पार्ट धुण्याचा ब्रश हा त्यापेक्षा बरा मार्ग. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच.

डब्यावर या सॉल्व्हंटची नावं दिसली तर तो परत द्यावा. वापरावाच लागला, तर उघड्यावर, हातमोजे घालून, वेल्डिंगपासून लांब; आणि शिकाऊ पोराला खड्ड्यात उतरवू नये. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी महापेला केंद्र आहे. गॅरेजातली डबाभर मळीही तिकडेच जायला हवी. एकट्या मिस्त्रीला ते जमणार नाही. महापालिकेने ती गोळा करायची गाडी सुरू करावी.