शाई लागण्याआधी

एप्रिल 2024 मध्ये आठवडाभर आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसाचे बोट पाहून त्याचा मुलूख ओळखता येत होता. डाव्या तर्जनीवर शाईची रेघ दिसली की गडी वणी, पांढरकवडा, आर्णीकडचा. बोट कोरे असले की यवतमाळ, राळेगाव, दिग्रस, पुसद, उमरखेडपैकी कुठला तरी. दिवस लग्नसराईचे होते. मत देऊन मोकळे झालेले आणि अजून द्यायचे असलेले सोयरे एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून जेवत होते.

याचे कारण 2008 सालच्या मतदारसंघ फेररचनेत आहे. जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ. त्यांतले वणी आणि आर्णी लोकसभेसाठी चंद्रपूरला जोडले गेले, उमरखेड हिंगोलीला, आणि उरलेले चार वाशीम-कारंजाशी मिळून यवतमाळ-वाशीम झाले. 2009 मध्ये सगळ्यांचे मतदान 16 एप्रिललाच झाले, म्हणून ही फाळणी फारशी जाणवली नाही. 2014 आणि 2019 या दोन्ही वेळी उमरखेड आठवडाभर मागे राहिले. 2024 ला चंद्रपूरचे मतदान 19 एप्रिलला लागले आणि यवतमाळ-वाशीम व हिंगोलीचे 26 ला. म्हणजे जिल्हा एक, खासदार तीन आणि मतदानाच्या तारखा दोन!

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याने विचारले, "वणीवाल्याइनं कोनाले देल्लं ते समजलं असतं, तं आपल्याले सोपं गेलं असतं ना भाऊ?" प्रश्न हसण्यावारी गेला, पण मला तो काही सोडेना.

कारण आपल्याकडे ते समजूच नये अशी चोख व्यवस्था आहे. बँकेत असताना 2014 सालच्या निवडणुकीत सूक्ष्म निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. दिवसभर केंद्रावर बसायचे, नोंदी करायच्या, संध्याकाळी अहवाल द्यायचा. मतदान संपले की यंत्राचे बटण दाबून ते बंद होते, एकूण मतांचा आकडा सतरा-सी नमुन्यात भरून उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिला जातो, मोहोर लागते आणि यंत्रे कडेकोट पहाऱ्यात जातात. दोन किल्ल्यांच्या तिजोरीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पाहून बरे वाटते. सर्व टप्पे पार पडेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या जाहीर करण्यासही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126-अ ने बंदी आहे. वणीकराने 19 एप्रिलला दिलेले मत थेट 4 जूनला उघडले. सहा आठवड्यांहून अधिक काळ ते कुलपात होते.

त्या शेतकऱ्याला हवे होते ते अमेरिकेत घडते. तिथे अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हेच आधी मतदानाने ठरते आणि ते मतदान राज्याराज्यांतून वेगवेगळ्या दिवशी होते. आजच्या राज्याचा निकाल आज रात्री लागतो आणि पुढच्या राज्याचा मतदार तो पाहून घराबाहेर पडतो. न्यू हॅम्पशायर हे चिमुकले राज्य 1920 पासून पहिल्या प्राथमिक निवडणुकीचा मान राखून आहे; आपली तारीख इतरांच्या आधीच असावी असा त्याने कायदाच करून ठेवला आहे. मग फेब्रुवारी-मार्चमधला एखादा मंगळवार असा येतो की डझन-दीड डझन राज्ये एकदम मतदान करतात. तो 'सुपर ट्युसडे'.

ही पद्धत तिथेही फार जुनी नाही. 1968 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली, तेव्हा त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवलेली नव्हती. पक्षातल्या धुरिणांनी ठरवले, अधिवेशनाने मान डोलावली. शिकागोत त्या अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि हम्फ्री निवडणूकही हरले. त्यानंतर नियम बदलले आणि 1972 पासून उमेदवार निवडण्याचे काम खऱ्या अर्थाने मतदारांच्या हाती आले.

तारखांचे राजकारण मात्र मोठे गमतीचे. 8 मार्च 1988 ला दक्षिणेकडच्या राज्यांनी एकजूट करून एकाच दिवशी मतदान ठेवले. हेतू हा की, आपल्या बाजूचा, मवाळ वळणाचा उमेदवार पुढे यावा. झाले भलतेच. दक्षिण जेसी जॅक्सन आणि अल गोर यांच्यात वाटली गेली आणि उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या डुकाकिस यांनी टेक्सास आणि फ्लोरिडा ही दोन मोठी राज्ये खिशात घातली. शेवटी उमेदवारीही त्यांनाच मिळाली.

2020 चा किस्सा त्याहून बोलका. जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. त्यांच्या नावाने लोकांनी हात धुतले होते. 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनाने त्यांना भरभरून मते दिली, दोन दिवसांत दोन प्रतिस्पर्धी बाजूला झाले आणि 3 मार्चच्या मंगळवारी 14 पैकी 10 राज्ये बायडेन यांच्या झोळीत पडली. त्याच दिवशी, मोहिमेवर 50 कोटी डॉलरहून अधिक खर्च केलेल्या ब्लूमबर्ग यांच्या पदरात अमेरिकन सामोआ नावाचे एक बेटवजा ठिकाण पडले. आमच्याकडच्या काही दानशूर इच्छुकांनी हा हिशेब डोळ्यांखालून घालावा.

पण रांगेत मागे असलेल्याचे काय? माझी पुतणी न्यू जर्सीत राहते, तिथली नागरिक आहे. 2024 मध्ये तिच्या राज्याची प्राथमिक निवडणूक 4 जूनला होती. नेमका तोच दिवस, ज्या दिवशी आमच्याकडची यंत्रे उघडली. बायडेन आणि ट्रम्प या दोघांचीही उमेदवारी 12 मार्चलाच पक्की झाली होती. फोनवर ती म्हणाली, "काका, आमच्यापर्यंत पाळी येते तेव्हा वऱ्हाडी जेवून गेलेले असतात." पुढे तर आणखी गंमत झाली. 21 जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांना उमेदवार केले. म्हणजे पन्नास राज्ये फिरून अखेर प्रतिनिधींनीच ठरवले.

तरीही तिला निदान एक कागद मिळाला, ज्यावर खूण करता आली. आमच्या जिल्ह्यात उमेदवार कसे ठरतात ते पाहा.

बँकेत मोठ्या कर्जाचा प्रस्ताव शाखेतून जाई आणि मंजुरी वरून येई. शाखाधिकाऱ्याला कर्जदार सात पिढ्यांपासून ठाऊक असला तरी सही विभागीय कार्यालयाची. पक्षांचे एबी फॉर्म असेच येतात. फरक इतकाच की आमच्याकडे नामंजुरीचे कारण लिहावे लागे.

2019 मध्ये चंद्रपुरातून काँग्रेसने आधी विनायक बांगडे यांचे नाव जाहीर केले, मग ते बदलून शिवसेनेतून आलेल्या बाळू धानोरकर यांना तिकीट दिले. धानोरकर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या हंसराज अहिर यांना हरवून निवडून आले आणि महाराष्ट्रातून काँग्रेसचे त्या वेळचे ते एकमेव खासदार ठरले. बदल फळला, असे म्हणता येईल. पण वणी-आर्णीच्या कार्यकर्त्याला पहिल्या नावाच्या वेळी कोणी विचारले नव्हते आणि दुसऱ्याच्या वेळीही नाही.

2024 मध्ये हिंगोलीत शिंदे यांच्या शिवसेनेने खासदार हेमंत पाटील यांची उमेदवारी जाहीर केली आणि अर्ज भरण्याची मुदत संपत आली असताना ती मागे घेऊन बाबुराव कदम कोहळीकर यांना दिली. इकडे यवतमाळ-वाशीममध्ये पाच वेळा निवडून आलेल्या भावना गवळी यांना थांबवून पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना उभे केले. दोन मतदारसंघांचे भवितव्य एका झटक्यात फिरले. 4 जूनला दोन्ही जागा ठाकरे यांच्या शिवसेनेने जिंकल्या. यवतमाळ-वाशीमला संजय देशमुख, हिंगोलीला नागेश पाटील आष्टीकर. तिकिटाचा घोळ नसता तर निकाल वेगळा लागला असता का, यावर आमच्याकडे अजून पैजा लागतात.

अमेरिकी धर्तीचा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही, असे मात्र नाही. तो आमच्या शेजारी, वर्धा नदीच्या पलीकडे झाला. 2014 च्या लोकसभेपूर्वी राहुल गांधी यांच्या आग्रहावरून काँग्रेसने देशातल्या काही निवडक मतदारसंघांत उमेदवार अंतर्गत मतदानाने ठरवायचे ठरवले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मत सामान्य मतदाराला नव्हते. पक्षाचे पदाधिकारी, स्थानिक संस्थांतले निवडून आलेले सदस्य अशांची यादी करून त्यांचे मतदान घेतले गेले. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. घराणेशाहीवर उतारा म्हणून आणलेल्या औषधातून वर्ध्यात खासदारपुत्रच वर आला, ही टीका तेव्हा झाली आणि ती रास्त होती. निवडणुकीत दोघेही दोन लाखांहून अधिक मतांनी पडले. त्याच पावसाळ्यात मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले. बडोद्यात अंतर्गत मतदान जिंकलेल्या नरेंद्र रावत यांना, समोर नरेंद्र मोदी येताच, मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी बाजूला व्हावे लागले. पुढच्या निवडणुकीत हा प्रयोग कोणी फारसा आठवलाही नाही.

मला विचाराल तर पराभवाचे खापर त्या मतदानावर फोडणे अन्यायाचे आहे. त्या लाटेत राज्यात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या. प्रयोग फसला तो यादीमुळे. ज्यांच्या हाती यादी, त्यांच्या हाती निकाल. पतसंस्थेच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. सभासद कोणाला करून घेतले यातच निम्मे संचालक मंडळ ठरलेले असते.

यादी खुली केली की वेगळ्या अडचणी येतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ज्यांचे 'ही श्रींची इच्छा' हे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे, 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. पदरचे एक कोटी डॉलरहून अधिक खर्चून तिसरे आले. 2022 मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहासाठी डेट्रॉईटमधून उभे राहिले आणि उमेदवारांच्या गर्दीत 30 टक्क्यांहूनही कमी मते घेऊन तिकीट जिंकले, मग निवडून आले. पक्षातल्या सत्तर टक्के मतदारांची पहिली पसंती दुसऱ्याच कोणाला होती. पण बेळगावच्या मराठी मुलाला तिथे कुणा नेत्याच्या बंगल्याबाहेर ताटकळावे लागले नाही, हेही खरेच.

आमच्याकडे ताटकळणे विश्रामगृहावर असते. नगरपालिकेच्या तिकिटासाठी मुलाखत देऊन आलेला माझा एक जुना खातेदार सांगत होता, "साहेब, चार मिनिटं झाले. जात इचारली, खर्च किती कराल इचारलं. वार्डात किती घरं हायेत ते कोनीच नाही इचारलं." त्याने घरे मोजून नेली होती.

त्याच डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत टपरीवरच्या प्रश्नाला उत्तरही मिळाले. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांचे मतदान 2 डिसेंबरला झाले, काही ठिकाणचे लांबून 20 ला गेले. आधीच्यांचा निकाल 3 तारखेलाच लागणार होता. त्याचा परिणाम नंतरच्या मतदारांवर होईल, ही हरकत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आली आणि सर्वांची मोजणी 21 डिसेंबरला एकदमच करण्याचा आदेश निघाला. मी ही बातमी पुतणीला फोनवर सांगितली. तिला पटवून देता देता पुरेवाट झाली. "अहो काका, पण आधीच्यांचं कळलं तर बिघडलं काय?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मग म्हणाली, "बरं, त्या तुमच्या खातेदाराचं काय झालं?"

त्याला तिकीट मिळाले नाही. तो अपक्ष उभा राहिला होता.